तिकडचे अकरा

"मंग मी केर कधी काढू, तेवढं सांगून जा," आत्याबाई म्हणाल्या.

हे पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. बूट नवे, चावरे. ह्यांनी मान वर केली आणि हसले. "आई, अख्खं गाव विचारू राह्यलं, थंडी किती, विमानात खायला काय देतात. आणि तू विचारती केराचं?"

"थंडी तुला वाजंल. केर मला रोजचा हाये."

आमच्या सासरची ती रीत होती. घरातलं माणूस गावाला निघालं, की ते मुक्कामी टेकेपर्यंत घर झाडायचं नाही. माणूस वाटेवर असताना मागं केरसुणी फिरवली, तर उंबऱ्यातली त्याची पावलं पुसली जातात, मग त्याला घराची वाट सापडत नाही, असं आत्याबाई मानायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी माहेरी वणीला गेले, तर ही रीत एका सकाळपुरती. कुणी नाशिकला गेलं, तर दुपारपर्यंत. पुण्याला गेलं, तर संध्याकाळपर्यंत, आणि दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यापलीकडे आमच्या घरातून कुणी कधी गेलं नव्हतं.

हे चालले होते चिलीला. आमच्या कादवाकाठच्या गावात द्राक्षांचं मोठं शीतगृह होतं, तिथं हे मेकॅनिक. तिकडंही द्राक्षं पिकतात, तिकडच्या शीतगृहात नवी यंत्रं आलीत, ती शिकून ये म्हणून मालकांनी चार महिन्यांसाठी धाडलं होतं.

"लांब म्हंजे किती लांब रे?" आत्याबाईंनी पुन्हा विचारलं.

ह्यांनी टोपलीतला पेरू उचलला. "ही पृथ्वी समज. हा देठ सोड. इथं आपली कादवा. इथून दाभण आरपार घातलं, तर पलीकडं जिथं टोक निघंल ना, त्याच्या जवळपास सांतियागो. सोळा हजार किलोमीटर. तीन विमानं बदलायची."

आत्याबाईंनी पेरू हातात घेऊन फिरवून पाहिला. मग आपल्या पायांकडे बघितलं. "म्हंजे तू आमच्या पायांखाली राहणार?"

"जवळजवळ."

"मंग अलके," त्या माझ्याकडे वळल्या, "चार महिने पाय आपटून चालायचं नाही गं बाई. पोराच्या डोक्यावर धप्प वाजायचं."

आम्ही तिघंही हसलो. चावऱ्या बुटांत उभे राहून हे इतके हसले, की नाडी पुन्हा सुटली.

मग ह्यांनी खिशातून तिकिटाचा कागद काढला. "हे बघ. मुंबईहून शुक्रवारी पहाटे चारला सुटतं. सांतियागोला शुक्रवारी रात्री अकराला. झालं समाधान?"

"म्हंजे अख्खा शुक्रवार आभाळात." आत्याबाईंनी मनाशी हिशेब बसवला. "रात्री काय केर काढत नाही. शनिवारी उजाडता काढीन. जा आता. जा म्हणू नये, तू जाऊन ये."

ह्यांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवल्या. दारात जीप उभी होती. चुलत दीर नारायणभाऊ मुंबईपर्यंत सोडायला जाणार होते. जीप वळणाआड गेली, तरी आत्याबाई उंबऱ्यातच. आणि मग त्यांच्या ओठांवर ओवी आली. जात्यावर बसायचं कधीच सुटलं होतं, पण ओवी काही सुटली नव्हती.

*परदेसी गेला बाळ, नको झाडूस अंगण*
*त्याच्या पावलांची धूळ माझ्या दाराची राखण*

शुक्रवारी घर तसंच राहिलं. चुलीपुढची राख, भाजीची देठं, कोंबडीनं पसरलेलं भुसकट. आत्याबाई त्या सगळ्याला वळसे घालून चालत होत्या, जसं काही देवघरातून चालल्यात. सकाळी फोन आला. तो एकच मोबाइल घरात, माझ्याकडे असायचा.

"पहिलं विमान उतरलं," हे म्हणाले. मागं कसला तरी गलका होता. "अगं, इथं नळाखाली हात नेला की आपोआप पाणी येतं. हात काढला की बंद. आईला सांग, तिला खोटं वाटंल."

"जेवलात का?"

"जेवतो गं. ऐक ना, मी तुला…"

आणि फोन तुटला. मी बराच वेळ तो हातात धरून बसले, पण पुन्हा वाजला नाही.

त्या दिवसभर आत्याबाईंचं एकच चाललं होतं. "आता कुठं असंल?"

"समुद्रावर असतील."

तासाभरानं परत. "आता?"

"आता आफ्रिका खंड लागला असेल."

"तिथं उतरंल का जरा पाय मोकळे करायला?"

"नाही, आत्याबाई. ते विमान मधे कुठं थांबत नाही."

"आगं बाई." त्या गोठ्यात गेल्या, म्हशीपुढं वैरण टाकली, आणि तिथून मला त्यांचा आवाज ऐकू आला:

*आभाळाच्या वाटंवर न्हाई झाड, न्हाई इहीर*
*कुठं टेकंल बाळ माझं, कोण देईल गं धीर*

संध्याकाळी आफ्रिका संपली, पुन्हा समुद्र लागला. अकरा वाजले तसे आत्याबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाला हात जोडले. "टेकला गं माझा सुकदेव," म्हणाल्या, आणि आडव्या झाल्या. आम्ही दोघी एकाच खोलीत निजायचो. मधे पाटावर फोन.

शनिवारी मला जाग आली ती केरसुणीच्या आवाजानं. पूर्वेला नुसतं तांबडं फुटत होतं. आत्याबाईंनी माजघर झाडलं, ओटी झाडली, अंगण झाडलं. दोन दिवसांचा केर पाटीत भरून उकिरड्यावर टाकला. सडा घातला. एरवी रांगोळी माझ्याकडे, पण त्या दिवशी त्यांनीच काढली, आणि मधोमध, कधी नाही ते, एक विमान काढलं. पंख वाकडे झाले होते. "पतंगासारखं झालं काय गं?" म्हणून स्वतःच हसल्या.

दुपारी नारायणभाऊ आले. शीतगृहाच्या ऑफिसात ते कामाला होते. रोज हाक मारत यायचे, त्या दिवशी चपला काढून नुसते ओटीवर उभे राहिले. मी पाणी घेऊन बाहेर आले, तर त्यांनी तांब्या घेतला नाही.

"काकू, बसा खाली," ते म्हणाले. "वहिनी, तुम्ही पण बसा."

"काय झालं रे?" आत्याबाई उभ्याच.

"आपला सुकदेव… विमानातच छातीत कळ आली त्याला. शेवटच्या विमानात. एक डॉक्टर व्हता बसलेला, त्यानं लई प्रयत्न केला. नाही वाचला, काकू."

माझ्या हातून तांब्या पडला एवढं आठवतं. पाणी कुठवर वाहत गेलं, तेही आठवतं. आवाज मात्र कशाचाच आठवत नाही, फक्त आत्याबाईंचा.

"पोचला नव्हता?" त्यांनी विचारलं.

"तासाभराचंच अंतर राह्यलं व्हतं."

"कधी?"

"आपले सकाळचे सहा-साडेसहा असतील."

"सकाळचे कसे?" आत्याबाईंचा आवाज एकदम चढला. "रात्री अकराला पोचणार व्हता तो. माझ्या कानांनी ऐकलं मी. कागद वाचून सांगितलं त्यानं."

"ते तिकडचे अकरा, काकू," नारायणभाऊ हळूच म्हणाले. "तिकडचं घड्याळ आपल्या मागं चालतं. तिकिटावर तिकडचाच टाइम असतो. तिकडं रात्रीचे अकरा वाजतात, तेव्हा आपल्याकडं दुसरा दिवस उजाडून वर आलेला असतो."

आत्याबाईंनी अंगणाकडे बघितलं. सकाळचा सडा केव्हाच वाळला होता. केरसुणीचे फराटे मातीवर जसेच्या तसे, शेजारी वाकड्या पंखांचं विमान.

त्या रडल्या नाहीत. पायरी उतरून चालत निघाल्या. आम्हाला वाटलं, परसात जाऊन पडतील कुठं, म्हणून नारायणभाऊ मागं धावले. त्या उकिरड्यापाशी बसल्या होत्या. दोन्ही हातांनी सकाळचा केर उपसून पाटीत भरत होत्या. भरलेली पाटी डोक्यावर घेऊन परत आल्या, आणि उंबऱ्यापासून माजघरापर्यंत मुठी-मुठीनं तो केर पसरत गेल्या. राख, देठं, भुसकट, सगळं.

"काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला," असं कुणीतरी म्हणालं. तोवर अंगण माणसांनी भरलं होतं.

मला तेवढं कळत होतं, की परिणाम वगैरे काही नाही. त्या पावलं शोधत होत्या.

हे परत यायला दिवस लागले. तिकडचे कागद, मग इकडचे कागद. ज्या वाटेला जाताना एक शुक्रवार पुरला, त्याच वाटेला येताना किती दिवस लागतील, हे कुणालाच सांगता येईना. भेटायला येणाऱ्यांच्या चपलांची माती घरात साचत गेली. लोक आणून देत त्या भाकरीचे तुकडे, बिड्यांची थोटकं, पोरांनी टाकलेल्या शेंगांची टरफलं. शेजारच्या शेवंताकाकूंना ते बघवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी पदर खोचला आणि कोपऱ्यातली केरसुणी उचलली.

"ठेव ती," आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या.

"अगं, माणसं काय म्हणतील? दुःख हाये, कबूल हाये. पण घराचा उकिरडा करून बसायचा का?"

"तो वाटंवर हाये अजून."

"कोण?"

"सुकदेव. एकदा झाडलं मी तो वाटंवर असताना. आता परत नाही झाडायची."

शेवंताकाकूंनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली. मग न राहवून म्हणाल्या, "म्हंजे तूच… सकाळीच झाडलं व्हतंस का गं?" आणि लगेच जीभ चावली. पण शब्द सुटला होता. संध्याकाळपर्यंत तो पाणवठ्यावर पोचला, आणि दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या बायका आत्याबाईंकडे आधी बघायच्या आणि मग केरसुणीकडे. एक जण माझ्या कानाशी कुजबुजली, "कितीही शिकलं तरी असतं बाई काहीतरी खरं."

खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात एक क्षण ते येऊन गेलं. मी बारावी शिकलेली. काळजाचं दुखणं कशानं होतं ते मला माहीत होतं. ह्यांचे वडीलही असेच, भर दुपारी गेले होते. तरी आलं मनात.

आत्याबाईंनी अन्न सोडलं. मी पुढं ताट ठेवायची, त्या ते तसंच सरकवायच्या. चहाचा घोट, बस. डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले; त्यांची पाठ वळताच आत्याबाईंनी सुई उपसली. "कशापायी मला ठेवता?" म्हणाल्या. "ज्या हातानं पोराची वाट पुसली, त्या हातानं घास खाऊ?"

पाचव्या दिवशी सकाळी त्यांना उठून बसवताना माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या हाताला वजनच नाही. वाळलेल्या वेलीसारखा तो माझ्या खांद्यावर पडला. घरात त्या वेळी आम्ही दोघीच होतो. ओटीवर नारायणभाऊ कुणाशी तरी फोनवर बोलत होते, पण आवाज आत येत नव्हता.

"आत्याबाई," मी म्हणाले, "एक सांगायचं राहून गेलं."

त्यांनी डोळेही उघडले नाहीत.

"त्या रात्री ह्यांचा फोन आला होता. दुसरं विमान उतरल्यावर, तिसऱ्यात बसायच्या आधी. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही."

डोळे उघडले.

"म्हणाले, उशीर होईल पोचायला. तिकडचं घड्याळ वेगळं आहे, मी चुकीचं सांगितलं. आईला ताटकळत ठेवू नको. तिला म्हणावं, खुशाल झाडून घे. मी सांगितलंय म्हणावं." मी त्यांच्या पाठीशी उशी सरकवली. "मी तुम्हाला सकाळी सांगणारच होते. पण मी उठायच्या आधीच तुम्ही झाडायला घेतलं होतं. म्हटलं, त्यांच्या मनासारखंच झालं, आता काय सांगायचं."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ, की मला वाटलं त्यांना ऐकूच आलं नाही.

"आवाज कसा व्हता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दमलेला. पण हसत होते."

"जेवला व्हता?"

"हो. भात मिळाला म्हणाले. आपल्यासारखा नाही, पण भात."

"बूट चावत व्हते का?"

"काढून ठेवलेत म्हणाले. विमानात तर अनवाणीच बसलो होतो म्हणाले."

त्यांनी मान हलवली, जसं हे बरोबर जुळलं. मग त्यांनी हात पुढं केला. मी भाकरी दुधात कुस्करून वाटी त्यांच्या हातात दिली. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात धरून ठेवला. गिळला. दुसरा घेतला.

बाराव्या दिवशी हे आले. पेटी उघडली नाही. आत्याबाईंनी वरून हात फिरवला, डोक्याकडची बाजू कुठली हे विचारून घेतलं, आणि तिथं गाल टेकवला. टिपूस नाही. बायका म्हणत होत्या, रडवा गं तिला कुणीतरी, नाहीतर छाती फुटंल. ह्यांना नदीवर नेल्यावर त्यांनी स्वतः उठून घर झाडलं, सावकाश, कोपरान् कोपरा.

पुढचे विधी झाल्यावर माझे वडील आणि भाऊ मला न्यायला आले. ओटीवर बैठक बसली. नारायणभाऊ होते, गावातली दोन वडीलधारी माणसं होती. मी आत, दाराआड. आत्याबाई माझ्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन.

"आठ-पंधरा दिवस घेऊन जा, ना नाही," नारायणभाऊ म्हणाले. "पण वहिनींचं घर आता हेच. काकूंना दुसरं कोण हाये, नाना? आम्ही हाओत, पण रात्री तांब्याभर पाणी द्यायला कुणीतरी नको का?"

ते वाईट बोलत नव्हते. खरंच बोलत होते.

"पोर चोवीस वर्षांची हाये, भाऊसाहेब," माझे वडील खाली बघत म्हणाले. "पदरी लेकरूबाळ नाही. तिचा जन्म जायचाय अजून."

"जन्म तर काकूंचाही जायचाय."

एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला. "सुनेनं सासूला टाकून जाणं, लोक काय म्हणतील तेही बघावं लागतं…"

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. माझ्या खांद्याला धरून उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. पुरुषांच्या बैठकीत त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"आधी माझ्या सुकदेवाचं ऐका," त्या म्हणाल्या. "मंग तुमचं काय ते ठरवा."

सगळे वर बघू लागले.

"त्याचा फोन आला व्हता. शेवटच्या विमानात बसायच्या आधी. अलकेनं घेतला. तो म्हणाला, आईला सांग, मी येईपर्यंत अलकेला घरात कोंडून ठेवू नको म्हणावं. तिला माहेरी जाऊ दे, पुढं शिकू दे, तिच्या मनाला येईल ते करू दे. हे त्याचं शेवटचं बोलणं. ते मोडायचं असंल, तर मोडा बापडे."

यातलं अक्षरही मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"पण काकू," नारायणभाऊ गोंधळले, "हे वहिनींनी तुम्हाला सांगितलं ना? रात्रीची वेळ, तुम्ही तर झोपला असाल."

"कोण झोपलं व्हतं?" आत्याबाई म्हणाल्या. "पोरगं आभाळात असताना डोळा लागतो का आईचा? मी टक्क जागी व्हते, पार उजाडंस्तोवर. फोन वाजला. हिनं उचलला. माझ्या कानांनी ऐकलं मी समदं."

मी दाराची चौकट धरली. फोन आमच्या दोघींच्या मधे, पाटावर होता. आत्याबाई जाग्या होत्या. पार उजाडेपर्यंत जाग्या. म्हणजे तो वाजला नाही, हे त्या खोलीत मला जेवढं माहीत होतं, तेवढंच त्यांनाही होतं. त्या दुधात कुस्करलेल्या भाकरीच्या वेळीसुद्धा.

नारायणभाऊ माझ्याकडे वळले. "वहिनी, खरंच असं म्हणाला सुकदेव?"

आत्याबाईंनी मागं वळून माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. मी नाही म्हणेन, ह्याची. आणि तिच्या तळाशी, मी हो म्हणेन आणि निघून जाईन, ह्याचीही.

"हो," मी म्हणाले. "असंच म्हणाले."

"झालं तर मंग," आत्याबाई म्हणाल्या. "नाना, उन्हं चढायच्या आत निघा. वणीचा घाट हाये."

त्या माझ्या बाजूनं आत गेल्या. जाता जाता त्यांचा हात माझ्या पाठीवरून ओझरता गेला. माजघर ओलांडून त्या परसदाराशी पोचल्या असतील-नसतील, तोच त्यांचा हंबरडा ऐकू आला. असा, की गोठ्यात म्हशीनं मान वर केली.

मी आत धावले. मागं ओटीवर ते म्हातारे टोपी सावरत म्हणत होते, "रडली बिचारी. बरं झालं, एकदाची मुलासाठी रडली."